जोराच्या वाऱ्यासाठी लहान विंडसर्फिंग बोर्ड: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर धावणं. नागपुरात ते करणारी माणसं थोडी, पण त्यांची वाट बहुतेक एकच असते. गोव्याला किंवा भोपाळला मोठ्या बोर्डवर शिकायचं, जमेल तसा सराव करायचा, आणि मग एखाद्या सुट्टीत समुद्रावर खरा जोराचा वारा भेटतो. कालपर्यंत शांत वागणारा बोर्ड त्या दिवशी हाताबाहेर जातो. घरी परतल्यावर फोन येतो, “भाऊ, आता लहान बोर्ड घेऊ का?” त्या फोनवर मी जे बोलतो ते इथे नीट लिहून ठेवलं आहे.

वारा वाढला की बोर्ड लहान कशाला? जोराच्या वाऱ्यात उलट मोठा, स्थिर बोर्ड नको का?

जागेवर उभं असताना मोठाच बोर्ड स्थिर असतो, यात वाद नाही. वेग आला की मात्र हिशोब उलटतो.

मंद वाऱ्यात बोर्ड होडीसारखा पाण्यात बसून चालतो आणि त्याला तरंगवतं ते त्याचं आकारमान. वारा वाढला की तो पाण्यातून वर येतो आणि मागच्या भागावर घसरत पळू लागतो. यालाच प्लेनिंग म्हणतात. लहानपणी तलावात चपटा दगड आडवा भिरकावून टप्पे पाडले असतील, तसंच हे. दगड काही तरंगणारा नाही, पण वेग आहे तोवर पाणी त्याला उचलून धरतं. ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. म्हणजे जोराच्या वाऱ्यात तुमचं तेच वजन उचलायला बोर्डचा बराच लहान भाग पुरतो.

उरलेली रुंदी मग अडचण होते. खडबडीत पाण्यावर ती थडाथडा आपटते. पुढच्या रुंद टोकाखाली वारा शिरतो आणि नाक वर उचललं जातं. मोठ्या बोर्डला मोठी फिन, म्हणजे शेपटीखालची पाण्यातली पाती, असते. ती वेगात इतकी उचल देते की वाऱ्याकडची कड पाण्याबाहेर निघते आणि बोर्ड एका कडेवर नाचू लागतो. तुम्ही त्याला दाबून ठेवण्यात सगळी ताकद घालवता, दहा मिनिटांत मांड्या भरून येतात, आणि पुढच्याच झोताला शिडासकट पुढे फेकले जाता.

अरुंद बोर्ड टाचेने आणि चवड्याने दाबता येतो. त्याची कड पाण्यात रुतते, तो लाटांच्या मधून वाट काढतो, आणि वळताना पायाचं ऐकतो. जोराच्या वाऱ्यात लहान बोर्ड हवा तो या ताब्यासाठी. वेग वाढवणं हा त्यामागचा हेतू नाही.

आधी बोर्ड बदलू की शीड?

शीड. दर वेळी शीडच.

वाऱ्याचा जोरही वर्गाने वाढतो. १५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा २० झाला तर कागदावर तो ५ नॉटच वाढलेला दिसतो, पण शिडावरचा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो. १२ चे २४ झाले तर चौपट. साधारण ७२ किलोच्या माणसाला १५ नॉटला साडेसहा चौरस मीटरचं शीड लागतं, २० ला सव्वापाच आणि २५ ला साडेचार. हे आकडे अंदाजाचे आहेत, माणसागणिक थोडे इकडेतिकडे होतात.

मला फोन करणाऱ्यांपैकी अनेकांनी १४० लिटरच्या बोर्डवर ७.० चं शीड लावून २० नॉटमध्ये मार खाल्लेला असतो आणि दोष बोर्डवर टाकलेला असतो. त्याच बोर्डवर ५.५ लावा, फिन एक नंबर लहान करा, मास्टचा, म्हणजे शिडाच्या उभ्या दांड्याचा, पाया बोर्डवरच्या रुळात बोटभर पुढे सरकवा. अर्धा त्रास तिथेच संपतो. एवढं करूनही बोर्ड उडत असेल, तर बोर्ड बदलायची वेळ आली.

लिटर म्हणजे नक्की काय? माझ्या वजनाशी त्याचा काय संबंध?

एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात एक किलो वजन तोलतं. १०० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडेपर्यंत १०० किलो तोलेल, त्यात त्याचं स्वतःचं वजनही आलं. इथे बहुतेकांची चूक होते. माणूस फक्त आपलं वजन धरतो.

बेरीज मांडून बघू. माणूस ७२ किलो, बोर्ड ७ किलो, शीड, मास्ट आणि बूम (हाताने धरायचा आडवा दांडा) मिळून ९ किलो, हार्नेस (बूमला लटकायचा कमरेचा पट्टा), लाइफ जॅकेट आणि ओले कपडे ३ किलो. झाले ९१. हा माणूस ९२ लिटरच्या बोर्डवर वाऱ्याविना उभा राहिला तर बोर्ड पाण्याच्या पातळीला येतो आणि पाय घोट्यापर्यंत बुडतात. एक पाय जरा मागे सरकला की शेपटी बुडते आणि नाक आभाळाकडे जातं. ११५ लिटरवर त्याच माणसाकडे २४ किलोची शिल्लक असते, त्यामुळे तो उभा राहून दोरीने शीड वर ओढू शकतो.

माझा हिशोब सोपा आहे. वजनात ४० मिळवले की पहिला ‘लहान’ बोर्ड मिळतो. त्यावर शीड दोरीने उचलता येतं आणि चुकीला जागा असते. वजनात २० मिळवले की पाण्याच्या पातळीचा बोर्ड. त्यावर वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यातूनच शिडाच्या ओढीने बोर्डवर चढणं, आलाच पाहिजे. वजनाइतका किंवा त्याहून कमी लिटरचा बोर्ड वारा असेपर्यंतच तुम्हाला वर ठेवतो, वारा पडला की तुम्ही पाण्यात.

अंदाजात १८ ते २५ नॉट दाखवतायत. मग ८५ लिटर घ्यायला काय हरकत आहे?

हाच या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. मी स्वतः इथे चुकलो आहे.

काही वर्षांपूर्वी गोव्यात दुपारी २२ नॉटच्या आसपास वारा होता. मी भाड्याने ८४ लिटरचा बोर्ड घेतला. माझं वजन तेव्हा ७४. पहिला पाऊण तास माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर पाऊण तास होता. मग सूर्य कलला आणि वारा पडला. एकदम नाही, २२ चे १४ झाले, १४ चे ९. नऊ नॉटमध्ये वॉटरस्टार्टला शीड मला उचलेना आणि बोर्डवर उभं राहून दोरी ओढावी तर बोर्ड बुडे. किनारा समोर दिसत होता. शेवटी शीड मागे आडवं टाकून, बोर्डवर पालथा पडून हाताने वल्हवत आलो. दीड तास लागला, आणि तेही भरती किनाऱ्याकडे येत होती म्हणून. ओहोटी असती तर काय झालं असतं याचा विचार आजही मला त्रास देतो.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. शीड झोताकडे बघून निवडायचं आणि बोर्ड पडलेल्या वाऱ्याकडे बघून. झोत किती जोराचा येणार, यावरून शीड ठरवा, म्हणजे हातातून काही सुटणार नाही. वारा सर्वात कमी होईल तेव्हा मी परत कसा येणार, यावरून बोर्ड ठरवा. अंदाजात १८ ते २५ लिहिलेलं असतं तेव्हा नजर २५ वर जाते. बोर्डसाठी बघायचा आकडा १८, आणि संध्याकाळचा आकडा त्याहून खाली.

आणखी एक. हवामानाच्या नोंदीतला वारा मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला धरतात. तुमचं शीड त्याच्या बरंच खाली असतं आणि तिथे वारा कमी असतो. आकडे किलोमीटरमध्ये असतील तर १.८५ ने भागा. ताशी ३७ किमी म्हणजे २० नॉट.

नागपुरात एवढा वारा येतो तरी का?

वर्षाचे बरेच महिने नाही. दिवाळीच्या आसपास तर आपल्या तलावांवर पाणी आरशासारखं असतं. वारा वाढतो तो उन्हाळ्याच्या शेवटी. नवतपा संपून मृग लागतो, मोसमी वारे विदर्भात पोहोचतात, आणि जून-जुलैत पश्चिम-नैर्ऋत्येचा वारा दिवसा बऱ्यापैकी टिकतो. तोही बहुधा मध्यम. प्लेनिंगपुरता वारा मिळाला तर तो दिवस चांगला समजायचा.

उपकरण नसेल तर झाडं बघा. कडुनिंबाच्या बारीक फांद्या हलतायत, रस्त्यावरची धूळ-कागद उडतायत, तर वारा ११ ते १६ नॉट. लहान झाडं सबंध डोलू लागली तर १७ ते २१. मोठ्या फांद्या हलून छत्री धरणं अवघड झालं तर २२ च्या वर. तलावावर पांढरे फेस साधारण १२ नॉटपासून दिसू लागतात.

जमिनीवरून आलेला वारा एकसारखा नसतो हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं. समुद्रावरून येणारा खारा वारा मोकळ्या पाण्यावरून येतो, त्याला अडवायला काही नसतं. खिंडसीला वारा रामटेकच्या टेकड्या आणि झाडी ओलांडून येतो, अंबाझरीला जंगल आणि वस्ती ओलांडून. त्यामुळे एका मिनिटाला १८, पुढच्या मिनिटाला ७. वर सांगितलेला नियम इथे दुप्पट लागू होतो.

आपले तलाव लहान असल्यामुळे वाऱ्याला लाटा उठवायला अंतरही मिळत नाही. पाणी त्या मानाने सपाट राहतं, आणि सपाट पाण्यावर मोठा बोर्ड २० नॉटपर्यंत ताब्यात राहतो. म्हणून स्पष्ट सांगतो, फक्त नागपूरच्या आसपासच करणार असाल तर वजनात ४० मिळवलेल्या बोर्डच्या खाली जायची गरज नाही. एक लहान शीड आणि एक लहान फिन घ्या. त्याहून लहान बोर्ड उपयोगी पडेल तो गोव्याला नियमित जाणाऱ्यांना, किंवा जून ते सप्टेंबरमध्ये रामेश्वरमच्या नैर्ऋत्य वाऱ्यात उतरणाऱ्यांना.

तलाव कुठलाही असो, तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या तलावात सांडव्याच्या बाजूला अजिबात जाऊ नका. पश्चिमेचा वारा अंबाझरीवर सगळं बांधाकडेच ढकलतो, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे त्या सांडव्यावरून गेलेल्या पाण्याने शहराचं काय केलं ते आपण पाहिलं आहे.

वळवाच्या वादळात जबरदस्त वारा असतो. तो लहान बोर्डला चालेल का?

नाही. त्या वाऱ्यात कुठलाच बोर्ड चालत नाही.

काळ्या ढगाच्या पुढून येणारा वारा काही मिनिटांत ८ नॉटवरून ४० वर जातो आणि दिशाही बदलतो. त्याच्या मागोमाग वीज असते. मोकळ्या पाण्यावर सर्वात उंच वस्तू तुमचा मास्ट असतो, आणि मास्टमधल्या कार्बनमधून वीज वाहते. गडगडाट कानावर आला की पाण्याबाहेर या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पुन्हा उतरू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. ते आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. विदर्भात दर वर्षी शेतात काम करणारी माणसं विजेने जातात. पाण्यावरचा माणूस त्यांच्याहून जास्त उघड्यावर असतो.

मला वॉटरस्टार्ट येत नाही. तरी लहान बोर्ड घेऊ का?

वजन अधिक ४० पर्यंत घ्या. त्याखाली नको.

वॉटरस्टार्ट म्हणजे पाण्यात पडल्या पडल्या शीड वाऱ्यावर धरायचं आणि त्याच्याच ओढीने बोर्डवर चढायचं. हे शिकायला आपले तलाव चांगले आहेत, कारण काठाजवळ कमरेइतकं पाणी मिळतं. मास्ट वाऱ्याच्या आडवा, म्हणजे वाऱ्याशी काटकोनात आणा. टोकाकडून धरून वारा जिकडून येतो तिकडे थोडा ओढत वर उचला, म्हणजे वारा शिडाखाली शिरेल. नवखे लोक शीड सरळ वर उचलू पाहतात. वर साचलेल्या पाण्याचं वजन उचलत नाही आणि खांदे जातात. शीड मोकळं झालं की बूम धरा, मागचा पाय बोर्डवर ठेवा, हात लांब आणि उंच करा, पुढच्या पायाने पाणी मारत राहा. हात आखडू नका. शीड जितकं उंच, तितकी ओढ जास्त.

काठाजवळ गाळ असतो आणि त्यात काचा, लोखंडी तुकडे निघतात. जाड तळव्याचे पाण्यातले बूट घाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली खोडं आणि दगडही वर येतात, तेव्हा जागा आधी पायी फिरून बघून ठेवा.

दहापैकी आठ वेळा वॉटरस्टार्ट जमला, हार्नेसमध्ये लटकून दोन्ही पाय फूटस्ट्रॅपमध्ये (बोर्डवरच्या पाय अडकवायच्या पट्ट्यांत) ठेवून धावता आलं, की पुढची पायरी उतरायला तुम्ही तयार आहात.

गोडं पाणी, खारं पाणी आणि नागपूरचं ऊन यांनी फरक पडतो का?

पडतो, आणि हा हिशोब मला आवडतो.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. ११० लिटरचा बोर्ड गोव्यात जेवढं तोलतो त्यापेक्षा खिंडसीत पावणेतीन किलो कमी तोलतो. म्हणजे गोव्यात भाड्याने घेऊन आवडलेला बोर्ड इथे तीन लिटर लहान असल्यासारखा वाटेल.

हवेचंही तसंच. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे आणि मे महिन्यात पारा ४४ वर जातो. तापलेली हवा विरळ असते. किनाऱ्यावरच्या ३० अंशांच्या हवेशी तुलना केली तर ती सात-आठ टक्के हलकी भरते, आणि तितकीच शिडावरची ओढ कमी होते. २० नॉटचा वारा १९ सारखा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकतात: इथे बोर्ड थोडा मोठाच बरा.

लिटर सारखे असूनही दोन बोर्ड इतके वेगळे का वाटतात?

कारण लिटर फक्त तरंगण्याचा हिशोब सांगतात. वागणूक ठरते रुंदीने, शेपटीच्या रुंदीने आणि तळाच्या वळणाने.

फ्रीराइड बोर्डचा तळ सपाट, शेपटी रुंद. तो लवकर प्लेनिंगला येतो आणि सरळ रेषेत सुखाने धावतो. वेव्ह बोर्डचा तळ पुढून मागे केळीसारखा वळलेला असतो. तो झटकन वळतो, पण प्लेनिंगला उशिरा येतो. या दोघांच्या मधला फ्रीस्टाइल-वेव्ह. जोराच्या वाऱ्यासाठी पहिला छोटा बोर्ड घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा हाच मधला सुचवतो. ७२ किलोच्या, वॉटरस्टार्ट येणाऱ्या माणसाला ९५ लिटरचा, ६० सेंटीमीटरच्या आसपास रुंद, ४.२ ते ६.० शिडांना चालणारा. स्लॅलम बोर्ड शर्यतीसाठी असतात. लिटर जुळले तरी नवख्याने जोराच्या वाऱ्यात ते घेऊ नयेत, कारण त्यांना सतत वेगात ठेवावं लागतं.

जुन्या बोर्डच्या बाबतीत रुंदी नक्की मोजा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे बोर्ड लांब आणि अरुंद असत. जुना २७० सेंटीमीटर लांब १०० लिटरचा आणि आजचा २३५ सेंटीमीटरचा १०० लिटरचा, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

माझ्याकडे १५० लिटरचा आहे. एकदम ८५ वर गेलो तर?

मधलं सगळं शिकायचं राहून जाईल, आणि १५ ते १८ नॉटच्या दिवशी दोन्ही बोर्ड चुकीचे ठरतील. एका पायरीला २५ ते ३५ लिटर पुरेत. १५० वरून ११५-१२०, मग ९०-९५.

माझी मुलगी १४ वर्षांची, ४४ किलो. तिला माझा ११५ लिटरचा बोर्ड लहान म्हणून चालेल ना?

तिच्यासाठी तो मोठा आहे! तिचं वजन ४४, बोर्ड साडेसहा, मुलांचं हलकं शीड साडेपाच, बाकी ३, मिळून ५९ किलो. ११५ वर तिच्याकडे जवळपास निम्मं आकारमान जादा राहतं. मंद वाऱ्यात शिकायला उत्तम, पण जोराच्या वाऱ्यात तो रुंद बोर्ड तिच्या वजनाने दबणार नाही आणि फूटस्ट्रॅपपर्यंत तिचे पाय नीट पोहोचणार नाहीत. मग ‘मला जमत नाही’ असं तिच्या मनात बसतं. तिला ८५ लिटर द्या आणि ३.५ ते ४.५ चं शीड, हलक्या मास्टसकट. मोठ्यांच्या जड सामानावर मुलं शिकतात तेव्हा त्यांचं निम्मं बळ उचलण्यातच जातं. फार वाईट वाटतं बघून.

आणि माझं वजन ९५ आहे, मी काय घेऊ?

तुमचा लहान बोर्ड १३०-१३५. दुकानातला माणूस १०० ला ‘जोराच्या वाऱ्याचा’ म्हणाला तरी तो तुमच्या मापाने बुडणारा बोर्ड आहे.

फिन कोणती लावावी?

बोर्ड अरुंद तर फिन आखूड. ११५ लिटरवर ६.५ च्या शिडाला ३६ ते ४० सेंटीमीटर, ९५ वर ५.० ला २६ ते ३०. फिन मोठी राहिली तर बोर्ड एका कडेवर उठतो, फार लहान झाली तर शेपटी अचानक घसरते.

आपल्याकडे शेवाळ, पाणवनस्पती आणि जलपर्णी हा वेगळाच ताप. सरळ फिनला वेल अडकली की बोर्ड धावता धावता थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. मागे झुकलेली वीड फिन घ्या, वेल तिच्यावरून निसटते. ती सरळ फिनपेक्षा आखूड असली तरी पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे लांबी बघून दोघींची तुलना करू नका.

लहान बोर्ड जास्त चांगले, तर ऑलिम्पिकचे बोर्ड एवढे मोठे कसे?

तिथे वारा कमी असला तरी शर्यत होते, म्हणून. आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला नागमोडी चढत जावं लागतं, त्याला रुंदी, मोठी फिन आणि डॅगरबोर्ड (बोर्डच्या मधून पाण्यात उतरवायची मोठी पाती) लागतो. आरएस-एक्स हा बोर्ड २००८ पासून टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये होता. रुंदी ९३ सेंटीमीटर, पुरुषांचं शीड साडेनऊ चौरस मीटर. याच प्रकारात मध्य प्रदेशच्या इबाद अलीने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. आपल्यासारख्या समुद्र नसलेल्या मुलखात, भोपाळच्या बड्या तलावावर घडलेला हा खेळाडू आहे. नागपूरच्या मुलांना मी त्याचं नाव आवर्जून सांगतो.

सुरुवातीला सगळेच बोर्ड मोठे होते. हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो बोर्ड सुमारे १२ फुटांचा होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी हवाई बेटांवरच्या जोराच्या वाऱ्यात लोकांनी बोर्डला फूटस्ट्रॅप लावले, मग ते आखूड केले, आणि आजचा छोटा बोर्ड तिथून आला. छोट्या बोर्डचं मूळच जोराच्या, सतत वाहणाऱ्या वाऱ्यात आहे.

त्यापेक्षा फॉइल घेऊ का?

फॉइल म्हणजे बोर्डखाली लांब दांड्याला लावलेला पाण्यातला पंख. पॅरिस २०२४ पासून ऑलिम्पिकमध्ये फॉइलचाच बोर्ड आला, आणि कमी वाऱ्यात तो खरंच पाण्यावर उचलला जातो. पण त्याच्या दांड्याला मीटरभराहून जास्त खोल, स्वच्छ पाणी लागतं. वेली आणि बुडालेली खोडं असलेल्या तलावात तो धोक्याचा. आधी फिनवर पक्के व्हा.

जुना लहान बोर्ड घेताना काय तपासू?

उन्हात तिरका धरून पृष्ठभागावर नजर फिरवा, फुगे दिसतात का बघा. मग अंगठ्याने दाबत जा, विशेषतः टाचा टेकतात तिथे. दबला आणि परत आला तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे. नाण्याने ठोकत गेलात तर चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी पोकळ. मास्टच्या रुळाभोवती आणि फिनच्या खाचेभोवती केसासारखी चीर असेल तर पाणी आत गेलेलं असतं. वजन करून बघा. छापील वजनापेक्षा किलोभर जास्त भरला तर तो बोर्ड सोडून द्या. नाकावरची जुनी दुरुस्ती चालते. जोराच्या वाऱ्यात फेकलं गेल्यावर मास्ट नाकावरच आपटतो, त्यामुळे ती बऱ्याच बोर्डवर असतेच.

घेण्याआधी एकदा तरी तसाच बोर्ड भाड्याने चालवून बघा. एका सुट्टीचं भाडं चुकीच्या बोर्डपेक्षा स्वस्त पडतं.

पहिल्यांदा लहान बोर्डवर उतरताना काय बदलायचं?

पावलं. मोठ्या बोर्डवर तुम्ही आरामात मागे चालत जाऊ शकता, लहानवर वेग येण्याआधी मागचा पाय मागे गेला की शेपटी बसते. वेग येईपर्यंत मास्टजवळ उभे राहा, वजन हार्नेसमधून बूमवर टाका. ते मास्टच्या पायातून बोर्डच्या मध्यावर जातं आणि नाक खाली राहतं. बोर्ड पाण्यावर उचलला गेला की आधी पुढचा पाय स्ट्रॅपमध्ये, मग मागचा.

शीड वरून खाली नीट ताणा. जोराच्या वाऱ्यात डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ओढणाऱ्या दोरीचा ताण, कमी पडला तर शीड जड आणि आडमुठं होतं. टोकाकडची मागची कड थोडी ढिली दिसली पाहिजे, म्हणजे झोत आला की ती उघडून जादा वारा सोडून देते. वारा किनाऱ्यावरून पाण्याकडे वाहत असेल त्या दिवशी नवीन बोर्ड काढू नका. आणि पहिले काही दिवस किनाऱ्यापासून तेवढंच दूर जा, जेवढं बोर्डवर पालथं पडून हाताने वल्हवत परत येता येईल.

नागपूरच्या उन्हाळ्यात बोर्ड कसा सांभाळू?

सावलीत, पंख्याखालच्या खोलीत, भिंतीला टेकवून. बोर्डच्या आत हवा भरलेला फोम असतो. मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीवर ठेवला तर आतली हवा फुगते आणि थर सुटतो, एका दुपारीही. टपावर बांधून समृद्धीवरून नेताना तो उलटा ठेवा, पांढरं किंवा चंदेरी कव्हर घाला, पट्टा पीळ देऊन बांधा म्हणजे वेगात फडफडणार नाही, आणि जेवायला थांबाल तिथे गाडी झाडाखाली लावा.

बोर्डच्या वरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, आतली हवा जाऊ-येऊ देणारा. उन्हातल्या प्रवासात आणि विमानात तो सैल ठेवायचा. काही नव्या बोर्डला आपोआप श्वास घेणारी झडप असते, ती छेडायची नाही. स्क्रूचा असेल तर तो घट्ट करायची चावी हार्नेसलाच बांधून ठेवा, आणि पाण्यात पाऊल टाकण्याआधी स्क्रूवर एकदा बोट फिरवा.